पांडित्याच्या पलीकडे : पंडिता रमाबाईंचे पुण्यस्मरण

आज विजयादशमी. घरोघरी पाटीवर सरस्वती रेखाटली गेली असेल. पोथ्यांना गंधाक्षता वाहिल्या गेल्या असतील, मुलांच्या वह्यापुस्तकांवर झेंडूची फुले आणि आपट्याची पाने ठेवली गेली असतील. विद्येचे पूजन करणारा हा दिवस. अशा दिवशी विद्येची थोरवी गावी, हे आम्हां कीर्तनकारांचे ठरलेले काम. परंतु आज आम्ही वाचकांपुढे थोडा निराळा प्रश्न ठेवणार आहोत. विद्या मिळाली म्हणजे देव मिळाला काय?

आम्ही ज्या गादीवर उभे राहतो, ती नारदाची गादी. त्या नारदाचीच एक कथा छांदोग्य उपनिषदात आहे. नारदमुनी सनत्कुमारांकडे गेले आणि शिकवा म्हणाले. सनत्कुमारांनी विचारले, तुला आजवर काय काय येते ते आधी सांग. नारदांनी यादी सांगितली. चार वेद, इतिहासपुराणे, व्याकरण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, एवढेच काय, सर्पविद्यासुद्धा. आणि एवढे सांगून झाल्यावर ते कबूल करतात की, मला मंत्र ठाऊक आहेत, आत्मा ठाऊक नाही, म्हणून मी शोकात आहे. सर्व विद्या मुखोद्गत असूनही शोक उरतो, हे प्रथम कबूल करणारा आमचा आद्य कीर्तनकार होय. हा झाला पूर्वरंग.

उत्तररंगासाठी मात्र आम्ही पुराणातील आख्यान घेतलेले नाही. जिला या देशातील पंडितांनी सरस्वती ही पदवी दिली, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र घेतले आहे. हे नाव वाचून काही घरांत कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणतो. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि ती गोष्ट आमच्या समाजाने दीर्घकाळ विसरलेली नाही. कोणी कोणता मार्ग धरावा हे सांगण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी मार्ग बदलला याचा निवाडा करण्याचा अधिकारही आमच्याकडे नाही. परंतु पुराणिकाच्या घरी जन्मलेली ही कन्या जे शोधीत होती, ते आपल्यापैकी प्रत्येकाने शोधावे असे आहे. म्हणून हे चरित्र.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मंगळूरकडील. पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी त्यांनी अध्ययन केले. साठेशास्त्री पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून या तरुण विद्यार्थ्याच्या मनात आले की, आपल्याही पत्नीस शिकवावे. प्रथम पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते साधले नाही. पुढे तिच्या निधनानंतर गोदावरीकाठी एका यात्रेकरू कुटुंबाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांना दिली. त्या लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले. याबद्दल उडुपीच्या शास्त्रीमंडळींपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांचे आधार दाखवून आपली बाजू मांडली आणि मग ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे आश्रम करून राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल सहा महिन्यांचे असताना आश्रम मोडला. आल्यागेल्या अतिथीचे आदरातिथ्य करता करता द्रव्य संपले होते. पेटाऱ्यात घातलेली ही तान्ही मुलगी माणसाच्या डोईवरून डोंगर उतरली आणि तेव्हापासून कुटुंबाची अखंड तीर्थयात्रा सुरू झाली. क्षेत्री जावे, देवळात किंवा घाटावर पुराण वाचावे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा. पिता वृद्ध झाला होता, म्हणून रमेला आईने शिकविले. पहाटेच्या अंधारात आईच्या कुशीत बसून ती श्लोक म्हणे. कौमार्यातच श्रीमद्भागवताचे अठरा हजार श्लोक तिच्या मुखी बसले. आम्ही आयुष्यभर भागवताची सेवा केली आहे. त्या आकड्याचे मोल काय आहे, हे आम्हांस ठाऊक आहे.

आणि मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्न मिळेनासे झाले. शास्त्रीबुवांच्या कुटुंबास पुराणवाचनाखेरीज दुसरे काही येत नव्हते आणि अंगमेहनतीची त्यांना सवय नव्हती. त्यांनी अनुष्ठाने केली, व्रते केली, होते नव्हते ते दान केले. अखेर तिरुपतीच्या रानात पाला खाऊन राहण्याची वेळ आली. वृद्ध पित्याने जलसमाधीचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण मजुरी करू म्हणाला. परंतु फार उशीर झाला होता. अनंतशास्त्र्यांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी त्यांनी सोळा वर्षांच्या रमेला जवळ घेऊन सांगितले की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याचीच हो आणि जन्मभर त्याचीच सेवा कर.

काही महिन्यांतच आई गेली. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते आणि खांदा द्यायला माणसे मिळेनात. महत्प्रयासाने दोघे ब्राह्मण मिळाले. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी पडली, म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेल्या त्या मुलीच्या डोक्यावर आईची तिरडी होती. पुढे त्यांनी जे जे केले, त्याचे मूळ या तीन मैलांच्या वाटेत आहे, असे आम्हांस वाटते.

बहीणभाऊ पायी देश हिंडले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि चकित होऊन तिला पंडिता व सरस्वती असे गौरविले. स्त्रीला असा मान मिळाल्याची वार्ता देशभर पसरली. परंतु या गौरवाच्या काळातच त्यांच्या मनातील श्रद्धा विरत चालली होती. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली. वडिलांनी इतके शिकविले, तरी स्त्रीला वेदाचा अधिकार नाही ही मर्यादा त्यांनी ओलांडली नव्हती. आता रमाबाई धर्मशास्त्रे स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागल्या. जितके वाचावे तितके त्यांना आढळे की, आपण ज्या स्त्रीजातीत जन्मलो, तिला या ग्रंथांत मोक्षाचा सरळ मार्ग ठेवलेला नाही. त्यांचे वाचन सर्वांगी बरोबर होते की नव्हते, यावर शास्त्रार्थ होऊ शकेल. परंतु ग्रंथ वाचून त्यांचा शोक गेला नाही, उलट वाढला, हे सत्य आहे. नारदांना जे झाले तेच येथे झाले.

याच कलकत्त्यात त्यांना कोणी संस्कृत भाषेतील बायबल दिले होते. त्यांनी ते चाळून पाहिले, पण ती भाषा त्यांच्या परिचयाच्या ग्रंथांहून इतकी निराळी वाटली की, त्यात वेळ घालविणे त्यांना व्यर्थ वाटले. ही लहानशी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे कारण पुढे कळेल.

मे १८८० मध्ये ढाक्यास श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणीपद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. सिल्चरला संसार मांडला, १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा ही कन्या झाली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन झाले. संसाराला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. तेथेच त्यांच्या हाती लूकचे शुभवर्तमान पडले होते, बंगाली भाषेतील. संस्कृतातून जे मनाशी बोलले नव्हते, ते साध्या बंगालीतून बोलू लागले.

तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्यांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीती हा ग्रंथ लिहिला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली. पुण्यातच त्यांची नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी गाठ पडली. हे काशीचे चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करावयास निघाले आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. त्यांच्या युक्तिवादाने रमाबाईंची बुद्धी हलली. १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्याने ते शिक्षण घडले नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या उतरल्या होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने टाकलेल्या पतित स्त्रियांना तेथे आधार मिळे. ज्यांना जगाने दार लावले, त्यांची सेवा या स्त्रिया का करतात, हे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीकाठची कथा सांगण्यात आली. गोऱ्हेशास्त्र्यांच्या तर्काने जे पुरे झाले नव्हते, ते या दृश्याने पुरे केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात हलकल्लोळ उडाला. आपले भूषण परक्यांनी नेले, असे लोकांस वाटले. परंतु ज्यांच्याकडे त्या गेल्या, त्यांनाही ही बाई सोपी गेली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि धर्मगुरूंच्या अधिकारावर त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाची सत्ता टाकून दुसऱ्याची पत्करण्यास त्या तयार नव्हत्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या संस्कृताहून लॅटिनमध्ये अधिक काय आहे, अशीही त्यांची हरकत होती. आहार शाकाहारीच राहिला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले. १८८६ साली नात्यातील आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी ग्रंथ लिहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी साहाय्य उभे केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. नाव शारदेचेच ठेवले, हे लक्षात घ्यावे. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी याच गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि त्या बाया कर्वे झाल्या. हिंगण्याचे जे मोठे कार्य पुढे उभे राहिले, त्याचा एक धागा असा शारदासदनात आहे.

आता आम्ही या चरित्राच्या गाभ्याशी येत आहोत. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. विद्वत्ता होती, कीर्ती होती, लोकोपयोगी कार्य होते, धर्मही नवा होता. तरीही आत काहीतरी रिते होते. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य उपदेशक होऊन कित्येक वर्षे लोटली तरी अंतरी कोरडाच होता आणि नंतर पालटला, अशी ती हकीकत. रमाबाई चमकल्या. त्यांना आपले चित्र दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ज्याच्यासाठी तो स्वीकारला तो ख्रिस्त सापडलाच नाही, हे त्यांनी स्वतःशी कबूल केले. पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली आहे. आपण मते बदलली, वाद जिंकले, प्रमाणे तपासली, परंतु शरण गेलो नाही, असे त्यांना उमगले. तेव्हा पंडिता रमाबाई सर्व पांडित्य बाजूस ठेवून एखाद्या अजाण मुलीसारख्या देवापुढे रित्या हाताने उभ्या राहिल्या.

ख्रिस्ती धर्मग्रंथात पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेले पहिले पत्र आहे. देवाचे शहाणपण जगाच्या शहाण्यांना मूर्खपणासारखे भासते आणि जगाचे शहाणपण देवाजवळ पोहोचत नाही, असा त्यातील आशय आहे. मुंडकोपनिषद वेद आणि वेदांगे यांनाही अपरा विद्या म्हणते आणि ज्यायोगे ते अक्षर तत्त्व कळते तीच परा, असे सांगते. दोन्ही ग्रंथ एकच सांगतात असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे दोघांवरही अन्याय होईल. परंतु विद्वानाचा गर्व जेथे गळून पडतो, तो उंबरठा दोघांनीही पाहिला आहे, एवढे निश्चित.

शरणागती खरी की नुसती भाषा, हे पुढच्या आचरणावरून ठरते. १८९३ साली शारदासदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या. पालक संतापले, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, वर्तमानपत्रांतून टीका झाली, बऱ्याच मुली काढून नेण्यात आल्या. पालकांची तक्रार खोटी नव्हती. विद्या शिकवण्यासाठी पाठविलेली मुलगी दुसऱ्या धर्माकडे वळते, हे कोणत्या आईबापांस रुचेल? दुसरीकडे, आपल्या खोलीचे दार लावून देवाची प्रार्थना लपवावी, हे रमाबाईंस मान्य नव्हते. हा पेच सुटला नाही. दोन्ही बाजूंनी किंमत मोजली, एवढेच आज म्हणता येते.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बावीस वर्षांपूर्वी रानातला पाला खाल्लेली रमा आता अडतीस वर्षांची होती. त्या स्वतः तेथे गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या, वाईट माणसांच्या हाती सापडणाऱ्या मुलींना आणू लागल्या. त्या दुष्काळातून सुमारे तीनशे मुली आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी शेतजमीन घेतली होती. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, गाईगुरे, तेलाचा घाणा, छापखाना, सर्व काही मुलीच चालवीत. आपल्या घराण्याला श्लोक येत होते, परंतु हाताला काम येत नव्हते, म्हणून मृत्यू ओढवला. केडगावच्या कोणत्याही मुलीस तसे होऊ द्यायचे नाही, असा जणू त्यांचा पण होता. पतित स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, अंध मुलींना स्पर्शाने वाचावयास शिकविले गेले.

येथे आमची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७२ चा दुष्काळ. आम्ही लहान होतो. आमच्या क्षेत्री वडील देवळात पुराण सांगत होते. खडी फोडून परतलेली एक बाई, कडेवर मूल, सभामंडपाच्या पायरीशी येऊन भाकरी मागू लागली. अध्याय मध्येच थांबवू नये, म्हणून कोणी उठले नाही. आम्हीही उठलो नाही. पोथी आमच्या हातात होती. अध्याय संपला तेव्हा पायरी रिकामी होती. वडील त्या रात्री जेवले नाहीत आणि आम्हांसही त्यांनी जेवावयास सांगितले नाही. तो अध्याय आम्ही पुढे शेकडो वेळा सांगितला असेल. परंतु रमाबाईंचे चरित्र प्रथम वाचले, तेव्हा आम्हांस ती पायरीच आठवली.

रमाबाईंच्या अखेरच्या पर्वाकडे वळू. सुमारे १९०५ पासून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर करावयास घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. आणि भाषा कोणती वापरली? जिच्या जिभेवर कालिदासाची भाषा खेळत होती, त्या बाईंनी जड संस्कृत शब्द प्रयत्नपूर्वक टाळले. खेड्यातल्या अशिक्षित बाईला वाचून दाखविले तर कळेल, असे मराठी त्यांनी शोधले. कलकत्त्यात संस्कृत बायबल आपल्याला कळले नव्हते, बंगाली कळले होते, याचे विस्मरण त्यांना झाले नसावे. पांडित्य टाकून द्यावयाचे नसते. ते लहानांच्या पायाशी वाकवावयाचे असते. नवा करार १९१३ साली छापून निघाला. खिळे जुळविण्याचे काम मुक्तिसदनाच्या मुलींनी केले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. मागे कार्य चालवील अशी एकुलती कन्या वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेली, तरी मातेची लेखणी थांबली नाही. संपूर्ण बायबलची अखेरची मुद्रिते तपासून होईतो त्या टिकून राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांनी देह ठेवला. चौसष्ट वर्षे पुरी व्हावयास अठरा दिवस उरले होते. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

वाचकहो, रमाबाईंनी जो मार्ग धरला, तो आमचा नव्हे. आम्ही ज्या विठ्ठलापुढे वीणा घेऊन उभे राहतो, त्याच्याच पायी आमचे जिणे वाहिलेले आहे. परंतु मरणाऱ्या पित्याने त्यांना जे सांगितले होते, देवाची हो आणि त्याचीच सेवा कर, ते वचन त्यांनी आपल्या परीने अखेरपर्यंत पाळले, असे आम्ही मानतो. पाटीवरच्या सरस्वतीला आज नमस्कार करताना मुलांना विद्या मागाच. पण त्याबरोबर एवढेही मागा की, पायरीशी कोणी उभे राहिले असता पोथी खाली ठेवून उठण्याची बुद्धी व्हावी. ती बुद्धी ग्रंथांत सापडत नाही. ती मागावी लागते, आणि मागणाऱ्याला आधी रिकामे व्हावे लागते.

इति शुभम्.